पोटाच्या एमआरआयमध्ये काँट्रास्ट आणि डिफ्यूजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटाचा एमआरआय सुरू असताना कन्सोलवरून, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाकडून, एक फोन हमखास येतो : "सर, इंजेक्शन देऊन झाले आणि डिफ्यूजन राहून गेले, आता घेतले तर चालेल का?" याचे उत्तर कोणता अवयव पाहायचा आहे, काँट्रास्ट (चित्रातील फरक ठळक करण्यासाठी शिरेतून दिले जाणारे द्रव्य) कोणता दिला आहे आणि चित्र नुसते डोळ्यांनी पाहायचे आहे की त्यावर आकडा मोजायचा आहे, या तीन गोष्टींवर अवलंबून असते. पुढील प्रश्न तंत्रज्ञ, रेडिओलॉजीचे विद्यार्थी आणि रुग्ण पाठवणारे डॉक्टर यांच्याकडून वेळोवेळी आलेले आहेत. काही प्रश्न रुग्णांचेही आहेत.

डिफ्यूजनमध्ये नेमके काय मोजले जाते?

ऊतीतील पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने फिरू शकतात, हे मोजले जाते. स्टेजस्कल आणि टॅनर यांनी १९६५ मध्ये दाखवलेली युक्ती आजही तीच आहे : एकसारख्या ताकदीच्या दोन ग्रेडियंटची जोडी लावायची, म्हणजे जो रेणू जागचा हलला नाही त्याचा सिग्नल पूर्ववत होतो आणि जो हलला त्याचा सिग्नल घटतो. या ग्रेडियंटचा जोर बी व्हॅल्यूने सांगितला जातो. पोटासाठी साधारणपणे ०, ५० आणि ८०० अशा बी व्हॅल्यू घेतल्या जातात. दोन बी व्हॅल्यूंच्या सिग्नलचे गुणोत्तर काढून, त्याच्या लॉगॅरिदमला बीच्या फरकाने भागले की एडीसी, म्हणजे पाण्याच्या हालचालीचा आकडा, मिळतो. मूत्रपिंडाचा एडीसी ०.००२० चौरस मिलिमीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो. बोलताना आपण सारे नुसते "दोन" म्हणतो, आणि खालीही तीच पद्धत ठेवली आहे. यकृत एक ते दीडच्या दरम्यान असते, प्लीहा त्याहूनही खाली आणि शरीराच्या तापमानाचे मोकळे पाणी तीनच्या जवळ.

डिफ्यूजन आधीच उरकून घेतले, तर हा प्रश्न उद्भवणारच नाही. मग नंतर घेण्याचा अट्टाहास कशासाठी?

वेळेसाठी. यकृताच्या तपासणीत गॅडोक्झेटेट दिला, म्हणजे व्यवहारात ज्याला प्रिमोव्हिस्ट म्हणतात तो, तर यकृतपेशींनी तो शोषून घेईपर्यंत साधारण २० मिनिटे थांबावे लागते. डायनॅमिक टप्पे (काँट्रास्ट पसरत असताना ओळीने घेतलेली चित्रे) पहिल्या चार-पाच मिनिटांत संपतात आणि उरलेली पंधरा मिनिटे यंत्र नुसते बसून राहते. त्या पंधरा मिनिटांत टी२ चित्रे आणि डिफ्यूजन उरकले, तर रुग्णाचा टेबलावरचा वेळ वाचतो आणि दिवसभरात आणखी एखादा रुग्ण बसतो. हा विचार गैर नाही, आणि यकृतापुरता तो बहुतांशी सुरक्षितही आहे. अडचण होते ती ही सवय विचार न करता मूत्रपिंडाच्या किंवा मूत्राशयाच्या तपासणीत उचलली जाते तेव्हा.

काँट्रास्टमुळे एडीसी बदलण्याचे कारणच काय? तो तर गुणोत्तरावर काढतात ना?

प्रश्न रास्त आहे. काँट्रास्टमधील गॅडोलिनियम या धातूच्या आयनात सात अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्यामुळे आसपासच्या पाण्याचा टी१ (पूर्वस्थितीला येण्याचा काळ) आणि टी२ (सिग्नल विरण्याचा काळ) दोन्ही आखूड होतात. तरीही सर्व बी व्हॅल्यूंना टीई (सिग्नल नोंदवेपर्यंतचा वेळ) एकच असल्यामुळे टी२ची घट वरच्या आणि खालच्या दोन्ही सिग्नलना सारखीच लागते आणि भागाकारात ती निघून जाते. टी१चेही तसेच. म्हणजे कागदावर एडीसी जसाच्या तसा राहायला हवा, आणि पुष्कळ अवयवांत तो राहतोही.

कागदावरचे हे गणित तीन ठिकाणी बिघडते. सिग्नल इतका घटतो की तो यंत्राच्या गोंगाटात बुडतो, हे पहिले. केशवाहिन्यांतील रक्ताचा जो वाटा एडीसीत मिसळलेला असतो तो काँट्रास्टमुळे दबतो, हे दुसरे. आणि काँट्रास्ट एखाद्या जागी दाट साचला, तर तेथील चुंबकीय क्षेत्रच वेडेवाकडे होते. डिफ्यूजनला वापरला जाणारा इको-प्लॅनर सिक्वेन्स या बाबतीत फारच हळवा आहे, त्यामुळे तिसरे कारणही किरकोळ समजू नये.

यकृताच्या डिफ्यूजनवर किती परिणाम होतो?

थोडा. का थोडा, ते हिशेबाने पाहू. ६० किलो वजनाच्या रुग्णाला नेहमीच्या पेशीबाह्य (पेशींत न शिरणाऱ्या) काँट्रास्टची मात्रा किलोमागे ०.१ मिलिमोल, म्हणजे एकूण ६ मिलिमोल दिली जाते; अर्ध्या मोलरच्या कुपीतून हे १२ मिलिलिटर भरते. शरीरातील पेशीबाहेरचा द्रव वजनाच्या सुमारे वीस टक्के, म्हणजे १२ लिटर. काँट्रास्ट त्यात पसरला की लिटरमागे अर्धा मिलिमोल होतो. दर मिलिमोलमागे टी२ने सिग्नल विरण्याचा वेग (टी२चा दर) सेकंदाला साधारण ५ने वाढतो असे धरले, तर येथे वाढ अडीचची होईल, आणि ६० मिलिसेकंद टीईला सिग्नल सुमारे १४ टक्क्यांनी घटेल. यकृतात पेशीबाहेरची जागा एकूण आकारमानाचा लहानसा भागच असल्यामुळे प्रत्यक्षातील घट याहूनही कमी असते. एवढ्या घटीने ८०० बीचे चित्र गोंगाटात बुडत नाही.

इंजेक्शनपूर्वीचे आणि नंतरचे डिफ्यूजन शेजारीशेजारी ठेवून झालेल्या अभ्यासांचा सूरही असाच आहे : यकृत आणि त्यातील गाठी यांच्या एडीसीत लक्षणीय फरक सहसा आढळत नाही. गाठ शोधणे एवढाच हेतू असेल, तर काँट्रास्टनंतरच्या डिफ्यूजनला मी नाक मुरडणार नाही.

मूत्रपिंडाच्या बाबतीत एवढा आग्रह का?

कारण मूत्रपिंड काँट्रास्ट साठवते आणि दाट करते. दर मिनिटाला सुमारे १२० मिलिलिटर द्रव गाळला जातो आणि त्यातून मूत्र बनते ते जेमतेम एक मिलिलिटर. बाकीचे पाणी परत शोषले जाते, गॅडोलिनियम मात्र शोषले जात नाही. म्हणून रक्तात जे प्रमाण अर्धा मिलिमोल होते, ते मेडुलात (मूत्रपिंडाच्या आतल्या भागात) आणि मूत्रमार्गाच्या पोकळीत कित्येक पटींनी वाढते. वीस पटच धरा, म्हणजे १० मिलिमोल. वरचाच हिशेब येथे लावला, तर टी२चा दर ५०ने वाढतो आणि ६० मिलिसेकंदांनंतर सिग्नलच्या शंभरातील पाचच भाग शिल्लक राहतात. स्क्रीनवर हे लगेच ओळखू येते : बी शून्यच्या चित्रात एरवी पांढरीशुभ्र दिसणारी मूत्रपिंडाची मधली पोकळी काळी ठिक्कर पडलेली असते आणि मेडुलाचे त्रिकोण कॉर्टेक्सपेक्षा, म्हणजे बाहेरच्या थरापेक्षा, गडद झालेले असतात.

सिग्नल कमी झाला की एडीसी कसा खोटा येतो, तेही आकड्यांनी पाहू. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. इंजेक्शनपूर्वी बी शून्यला सिग्नल ३०० आणि बी ८००ला ६० आहे, म्हणजे खरा एडीसी २.०. यंत्राचा गोंगाट २५ धरू. मॅग्निट्यूड चित्रात (केवळ सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या) हा गोंगाट सिग्नलमध्ये वर्गांच्या बेरजेने मिसळतो, म्हणून ६०च्या जागी ६५ दिसतात आणि एडीसी १.९ येतो, एवढे चालून जाते. आता काँट्रास्टमुळे दोन्ही सिग्नल निम्मे झाले : १५० आणि ३०. गोंगाट मात्र २५च राहिला. ३०च्या जागी ३९ दिसतात, बी शून्यच्या १५०चे जेमतेम १५२ होतात आणि एडीसी १.७ निघतो. ऊतीत काहीही बदललेले नसताना आकडा एवढा खाली आला. त्यात केशवाहिन्यांचा वाटा दबल्याची घट आणखी मिळते. काँट्रास्टनंतर मूत्रपिंडाचा एडीसी कमी भरतो, ही बाब अभ्यासांतही पुन्हा पुन्हा आढळली आहे.

पायलोनेफ्रायटिसच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या संसर्गाच्या, रुग्णात हे महागात पडू शकते. संसर्ग झालेल्या पाचरीच्या आकाराच्या भागाचा एडीसी कमी असतो आणि भोवतालच्या निरोगी भागाचा जास्त, या फरकावरच निदान उभे असते. निरोगी भागाचाच आकडा काँट्रास्टने खाली ओढला, तर फरक पुसट होतो. प्रत्यारोपित मूत्रपिंडातही हेच.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रुग्ण चार-सहा तास उपाशी आलेला असतो, पुष्कळदा पाणीही प्यायलेला नसतो. मूत्र जितके दाट, तितका गॅडोलिनियमही दाट. त्यामुळे एकाच रुग्णाच्या एकाच मूत्रपिंडात, एकाच मात्रेने, दोन निरनिराळ्या दिवशी परिणाम निरनिराळा होऊ शकतो, आणि "काँट्रास्टनंतरच्या एडीसीत अमुक एवढे मिळवा" असा सरळ दुरुस्तीचा गुणक काढता येत नाही.

मूत्राशयाचे काय?

तेच, फक्त उशिराने. दाट काँट्रास्ट मूत्रापेक्षा जड असल्यामुळे उताण्या रुग्णाच्या मूत्राशयात तो तळाशी बसतो. टी१ चित्रात तीन थर दिसतात : तळाशी अतिदाट म्हणून काळा, मध्ये पांढरा आणि वर काँट्रास्ट न पोहोचलेल्या मूत्राचा पुन्हा काळसर. मागच्या भिंतीवरील गाठ नेमकी त्या तळच्या काळ्या थराला चिकटून असते. मूत्राशयाचे डिफ्यूजन इंजेक्शनपूर्वीच घ्यावे, यावर वाद असू नये.

प्लीहा आणि स्वादुपिंड?

फारसा फरक पडत नाही. स्वादुपिंडाच्या डिफ्यूजनला काँट्रास्टपेक्षा शेजारच्या जठरातील आणि आतड्यातील वायूचाच त्रास अधिक होतो.

गॅडोक्झेटेट यकृतपेशींत शिरतो. मग त्याचा परिणाम जास्त व्हायला नको का?

शंका योग्य आहे, परंतु त्याची मात्रा किलोमागे ०.०२५ मिलिमोल, म्हणजे नेहमीच्या काँट्रास्टच्या पाव पट आहे. यकृताचे कार्य ठीक असेल, तर त्यातील सुमारे निम्मा भाग यकृतपेशींमार्गे पित्तात जातो आणि उरलेला मूत्रपिंडांतून. यकृताच्या ऊतीतील प्रमाण टी१ उजळण्यास पुरेसे असले, तरी डिफ्यूजन बिघडवण्याइतके नसते.

पित्ताची गोष्ट मात्र वेगळी. इंजेक्शननंतर दहा-पंधरा मिनिटांनी हा काँट्रास्ट पित्तनलिकांत उतरू लागतो, तेथे दाट होतो आणि पित्ताचा टी२ आखूड करतो. म्हणून पित्तनलिकांचे चित्र, म्हणजे एमआरसीपी, गॅडोक्झेटेटपूर्वी उरकावे लागते. जी नलिका एमआरसीपीत काळी पडते तीच डिफ्यूजनच्या बी शून्य चित्रातही काळी पडते, त्यामुळे २० मिनिटांनंतर घेतलेल्या डिफ्यूजनवरून पित्तनलिकेच्या भिंतीबद्दल किंवा पित्ताशयातील द्रवाबद्दल काही ठामपणे बोलू नये. कावीळ असलेल्या रुग्णात याच्या उलट घडते. बिलिरुबिन बरेच वाढलेले असेल, तर यकृतपेशी काँट्रास्ट नीट उचलत नाहीत, पित्तात फारसे काही उतरत नाही आणि अधिक भार मूत्रपिंडांवर पडतो.

चरबीचा सिग्नल दाबण्याच्या पद्धतीने काही फरक पडतो का?

पडतो, आणि या मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. चरबीच्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर नेम धरणारी पद्धत असेल, तर काँट्रास्टचे तिला फारसे सोयरसुतक नसते. स्टिर पद्धत मात्र फ्रिक्वेन्सी पाहत नाही, ती टी१ पाहते. चरबीचा टी१ आखूड असतो, म्हणून दीड टेस्लाच्या यंत्रावर उलट स्पंदनानंतर १५० ते १८० मिलिसेकंदांनी ज्या ऊतीचा सिग्नल शून्यावर असेल तिला चरबी समजून स्टिर पुसून टाकतो. काँट्रास्ट घेतलेल्या गाठीचा टी१ही आखूड होऊन त्याच टप्प्याजवळ येऊ शकतो. चरबीबरोबर गाठही पुसली जाते, आणि चित्र इतके स्वच्छ दिसते की काही हरवले आहे याचा संशयही येत नाही. संपूर्ण शरीराच्या डिफ्यूजनमध्ये स्टिर सर्रास वापरला जातो. तो प्रोटोकॉल असेल, तर काँट्रास्टपूर्वीच घ्यावा.

आयव्हीआयएम करायचे असेल तर?

इंजेक्शनपूर्वी, दुसरा पर्याय नाही. ल बिहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत शंभर-दोनशेच्या खालच्या बी व्हॅल्यूंवरून केशवाहिन्यांतील रक्ताचा वाटा वेगळा काढला जातो. काँट्रास्ट सर्वांत आधी भिनतो तो रक्तातच. रक्ताचा टी२ आखूड झाला की टीईपर्यंत त्याचा सिग्नल इतर ऊतींपेक्षा अधिक घटतो आणि रक्ताचा वाटा प्रत्यक्षाहून कमी दिसतो. जी गोष्ट मोजायची, तिच्यातच ढवळाढवळ झालेली असते.

लोहकणांचे काँट्रास्ट वापरले तर?

फेरुमॉक्साइड आणि फेरुकार्बोट्रान ही यकृतासाठीची लोहकणांची द्रव्ये बहुतेक देशांच्या बाजारातून गेली आहेत, पण त्यांचा धडा उपयोगाचा आहे. यकृतातील कुफर पेशी लोहकण गिळतात, निरोगी यकृत काळे पडते आणि ज्या गाठीत कुफर पेशी नाहीत ती काळ्या पडद्यावर चमकते. शोधण्यासाठी चित्र सुरेख मिळते. एडीसी मात्र मोजण्याच्या लायकीचा राहत नाही, कारण यकृताचा सिग्नल गोंगाटाच्या पातळीवर गेलेला असतो.

आज हा प्रश्न मागच्या दाराने येतो. रक्तक्षयासाठी दिले जाणारे फेरुमॉक्सिटॉल हेही लोहकणांचेच इंजेक्शन आहे आणि त्याच्या माहितीपत्रकात एमआरआयवर तीन महिन्यांपर्यंत परिणाम होऊ शकतो असे नमूद आहे. थॅलेसिमियाच्या रुग्णात वारंवार रक्त चढवल्यामुळे यकृतात साठलेले लोह काँट्रास्टशिवायच हेच करते. म्हणून तपासणीपूर्वीच्या अर्जात "शिरेतून लोहाचे इंजेक्शन घेतले आहे का? रक्त चढवले आहे का?" हे दोन प्रश्न असावेत.

तपासणीपूर्वी अननसाचा रस प्यायला सांगितला होता. त्याचाही परिणाम होतो का?

होय, आणि तो मुद्दाम घडवलेला असतो. अननसाच्या रसात मँगनीज असते आणि तेही गॅडोलिनियमप्रमाणेच टी२ आखूड करते. एमआरसीपीपूर्वी एखादा ग्लास रस प्यायला, की जठर आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) यांतील पाण्याचा पांढरा सिग्नल दबतो आणि मागची पित्तनलिका मोकळी दिसते. डिफ्यूजनच्या बी शून्य आणि बी ५०च्या चित्रांतही जठर तसेच काळे राहते. आतड्याच्या तपासणीसाठी मॅनिटॉलचे पाणी पाजतात तेव्हा परिणाम उलटा होतो : आतडे पाण्याने भरते, हे पाणी कमी बीला झगझगीत दिसते आणि जास्त बीलाही त्याची थोडी चमक उरू शकते. ती चमक सूज नव्हे. एडीसी मॅपवर तीच जागा पांढरी दिसली, की शंका मिटते.

इंजेक्शन देऊन झाले आणि मूत्रपिंडाचे डिफ्यूजन राहिले. आता काय करावे?

त्याच बैठकीत घेतलेच, तर ते केवळ पाहण्यापुरते वापरावे, आकडा लिहू नये. आकडा हवाच असेल, तर रुग्णाला दुसऱ्या दिवशी बोलवावे. मूत्रपिंडे निरोगी असतील, तर पेशीबाह्य काँट्रास्टची रक्तातील मात्रा दीड ते दोन तासांत निम्मी होते आणि आठ-दहा तासांत शंभरातील तीनेक भाग उरतात. मूत्रपिंडे अधू असतील, तर हे वेळापत्रक लागू होत नाही, आणि नेमके याच रुग्णांच्या मूत्रपिंडाचे डिफ्यूजन आपल्याला हवे असते.

बाहेरून आलेल्या सीडीवर डिफ्यूजन आधीचे की नंतरचे, हे कसे ओळखावे?

सिरीज क्रमांकावर विसंबू नये. पुनर्रचना आणि प्रत पाठवताना क्रम बदलू शकतो. प्रत्येक सिरीजची अधिग्रहणाची वेळ पाहावी. धमनी टप्पा (काँट्रास्ट धमन्यांत असतानाचे चित्र) १०.४२चा आणि डिफ्यूजन १०.५५चे असेल, तर प्रश्नच मिटला. वेळ पुसली गेली असेल, तर बी शून्यच्या चित्रात मूत्रपिंडाची मधली पोकळी पाहावी. ती काळी असेल, तर डिफ्यूजन नंतरचे असण्याचीच शक्यता दाट. दुसऱ्या एका केंद्रातून आलेल्या तपासणीत मूत्रपिंडाच्या गाठीभोवतीचा निरोगी भाग काळवंडल्यामुळे ती गाठ ८०० बीला उठून दिसत होती आणि अहवालात "डिफ्यूजन रोधित", म्हणजे पाण्याची हालचाल अडलेली, असे लिहिले होते. गाठ होती तशीच होती, भोवतालचा भाग काळा झाला होता. पाठपुराव्याच्या तपासणीत, विशेषतः उपचारानंतर एडीसी वाढला का हे पाहायचे असते तेव्हा, दोन्ही वेळचा क्रम एकच असल्याची खात्री करावी आणि अहवालात "डिफ्यूजन काँट्रास्टपूर्व" किंवा "काँट्रास्टनंतर अमुक मिनिटांनी" अशी एक ओळ लिहावी.

काँट्रास्ट टाळून केवळ डिफ्यूजनवर भागेल का?

हा प्रश्न बहुधा रुग्णांचा असतो, आणि ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) ३०च्या खाली असलेल्यांचा किंवा गर्भवतींचा असेल तर तो अगदी सयुक्तिक आहे. मूत्रपिंडाचा संसर्ग, गळू, आतड्याची सूज किंवा यकृतात पसरलेल्या गाठी शोधणे या कामांत डिफ्यूजन काँट्रास्टशिवाय बरीच मजल मारते. सिऱ्हॉसिसच्या यकृतातील कर्करोगाचे निदान मात्र धमनी टप्प्यात गाठ उजळते का आणि नंतर धुऊन जाते का यावर ठरते. तेथे डिफ्यूजन हा पूरक पुरावा आहे, मुख्य नाही. गॅडोलिनियमसंबंधीच्या इशाऱ्यांबद्दल वाचून घाबरलेल्यांसाठी एवढे सांगता येईल की, युरोपीय औषध संस्थेने २०१७ मध्ये शिरेतून द्यायच्या काही रेषीय रचनेच्या काँट्रास्टचा वापर थांबवला, परंतु यकृताच्या तपासणीसाठी गॅडोक्झेटेट आणि गॅडोबेनेट कायम ठेवले; वलयाकार रचनेचे काँट्रास्टही वापरात राहिले. आपल्याला कोणता काँट्रास्ट देणार आहेत, हे तपासणीपूर्वी विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि त्याचे नाव व मात्रा अहवालात लिहिलेली असावी.